कंपन्या गेल्या, चौकोन राहिला : व्हीएनसीचा इतिहास आणि एका परवान्याचे श्रेय

१/ १९९१ साली केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत कॉफीचे एक सामाईक भांडे होते आणि ते 'ट्रोजन रूम' नावाच्या खोलीबाहेर ठेवलेले असे. वेगवेगळ्या मजल्यांवर बसणारे संशोधक जिने चढून-उतरून तिथवर येत, आणि पुष्कळदा रिकामे भांडे पाहून परत जात. क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर आणि पॉल जार्डेट्झ्की या दोघांनी अखेर भांड्यावर कॅमेरा रोखला. भांड्याचे लहानसे, करड्या छटांचे चित्र मिनिटाला साधारण तीनदा ज्याच्या त्याच्या पडद्यावर दिसू लागले.

२/ हाच पुढे जगातला पहिला वेबकॅम म्हणून गाजला. ऑगस्ट २००१ मध्ये तो बंद झाला आणि ते भांडे लिलावात ३,३५० पौंडांना विकले गेले. गोष्ट गमतीची आहे, म्हणून ती सर्वत्र सांगितली जाते. स्टॅफर्ड-फ्रेझर यांचे नाव आणखी एका गोष्टीशी जोडलेले आहे. ती तितकी गमतीची नाही, पण जगाच्या व्यवहारात तिचे स्थान त्या भांड्याहून कितीतरी मोठे आहे. दूरच्या संगणकाचा पडदा पाहण्याचे आणि तो इथून चालवण्याचे ते मुक्त सॉफ्टवेअर : 'व्हर्च्युअल नेटवर्क कॉम्प्युटिंग', म्हणजेच व्हीएनसी.

३/ व्हीएनसीचा इतिहास सहसा दोन प्रकारे लिहिला जातो. एक, केंब्रिजच्या बुद्धिमत्तेचा गौरव म्हणून. दोन, एका यशस्वी कंपनीची जन्मकथा म्हणून. दोन्ही खऱ्या असल्या तरी दोन्हींत मुख्य प्रश्नाला बगल दिली जाते. ज्या प्रयोगशाळेत हे सॉफ्टवेअर जन्मले तिचे मालक बदलत गेले, शेवटी ती प्रयोगशाळाच बंद पडली. मग सॉफ्टवेअर का मेले नाही? याचे उत्तर बुद्धिमत्तेत थोडे आणि १९९८ मध्ये त्याच्यावर चढवलेल्या परवान्यात अधिक सापडते.

४/ आधी थोडी पूर्वपीठिका. दुसऱ्या संगणकाचा पडदा दुरून चालवण्याची कल्पना केंब्रिजची नव्हे. ९ डिसेंबर १९६८ रोजी डग्लस एंगलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्कोतील रंगमंचावरून सुमारे पन्नास किलोमीटरवरच्या मेन्लो पार्कमधील यंत्र चालवून दाखवले होते. १९८४ मध्ये एमआयटीत 'एक्स विंडो' प्रणाली सुरू झाली. तिच्यात कार्यक्रम एका यंत्रावर चाले आणि त्याची खिडकी दुसऱ्या यंत्रावर उघडे. पीसीच्या जगात 'पीसी-एनीव्हेअर'सारखी विकत मिळणारी सॉफ्टवेअर होती. वाट मळलेली होती.

५/ केंब्रिजमधील ही दुसरी प्रयोगशाळा विद्यापीठाची नव्हे, कंपनीची. इटलीतील इव्हरेआ गावी १९०८ साली टंकलेखन यंत्रांचा कारखाना म्हणून सुरू झालेल्या ऑलिव्हेटीने १९८५ मध्ये केंब्रिजच्या एकॉर्न कॉम्प्युटर्समध्ये मोठा हिस्सा घेतला. पाठोपाठ १९८६ मध्ये हर्मन हाउझर आणि अँडी हॉपर यांनी ऑलिव्हेटी संशोधन प्रयोगशाळा उभी केली. हॉपर विद्यापीठातही शिकवत. त्यामुळे विद्यापीठातले तरुण आणि कंपनीचा पैसा यांची गाठ तिथे सहज पडे.

६/ या प्रयोगशाळेने माणसांच्या छातीवर 'अ‍ॅक्टिव्ह बॅज' लावले. बॅजमधून अवरक्त किरणांचे इशारे निघत आणि इमारतीत कोण कुठे आहे ते संगणकाला कळे. (आजच्या वाचकाला यात पाळतीचा वास येईल, आणि तो अगदीच चुकीचा नाही. त्या वेळी मात्र फोन योग्य खोलीत वाजावा हा साधा हेतू पुढे होता.) या बॅजच्या जोडीने ट्रिस्टन रिचर्डसन आणि सहकाऱ्यांनी 'टेलिपोर्टिंग' नावाची व्यवस्था केली : माणूस दुसऱ्या खोलीत गेला की त्याच्या उघड्या खिडक्या तिथल्या पडद्यावर बोलावता येत.

७/ टेलिपोर्टिंगची मर्यादा अशी की ते एक्स विंडोच्या जगाबाहेर चालत नसे. एक्सची आणखी एक खोड होती. पडदा सांभाळण्याचे बरेचसे काम माणसासमोरच्या यंत्राकडे असे आणि दोघांमधला दुवा तुटला की चालू कार्यक्रमही त्याच्यासोबत जाई. अर्धवट लिहिलेले पत्र, चाललेले गणित, सारे. प्रयोगशाळेने मग 'व्हिडिओटाइल' नावाची पाटी बनवली. तिला सपाट पडदा, एक लेखणी आणि वेगवान नेटवर्कची तार, एवढेच. तिच्यात स्वतःचा विचार असा नव्हताच. जे ठिपके येतील ते दाखवायचे आणि लेखणी कुठे टेकली ते परत कळवायचे.

८/ पाटी बाजारात आली नाही. पण पाटीच्या आतली भाषा तिच्यापासून सुटी करता येते आणि कोणत्याही संगणकावर सॉफ्टवेअर म्हणून चालवता येते, हे मंडळींच्या ध्यानात आले. व्हीएनसी म्हणजे ती सुटी केलेली भाषा. जानेवारी-फेब्रुवारी १९९८ च्या 'आय.ई.ई.ई. इंटरनेट कॉम्प्युटिंग'च्या अंकात रिचर्डसन, स्टॅफर्ड-फ्रेझर, केनेथ वुड आणि हॉपर या चौघांनी तिच्यावर लेख लिहिला. लेख जेमतेम सहा पानांचा आहे.

९/ नावातही एक खोच आहे. १९९५-९६ च्या सुमारास ओरॅकलचे लॅरी एलिसन 'नेटवर्क कॉम्प्युटर'चा डंका पिटत होते : पाचशे डॉलरांचे यंत्र, डिस्क नाही, सारे काही नेटवर्कवरून. केंब्रिजच्या प्रयोगशाळेत तोवर ओरॅकलचीही भागीदारी आली होती. तिथल्या मंडळींनी म्हटले, वेगळे यंत्र विकत घ्यायचेच कशाला? आहे त्या संगणकावरच 'आभासी' नेटवर्क कॉम्प्युटर चालवता येतो. एलिसन यांचे यंत्र काही वर्षांत विस्मरणात गेले. त्यांच्याच कंपनीच्या अर्ध्या छपराखाली लिहिलेले, फुकट वाटलेले सॉफ्टवेअर आजही चालते आहे. व्यापाराच्या इतिहासात असे विनोद फार थोडे सापडतात.

१०/ आता ती भाषा. तिचे नाव 'रिमोट फ्रेमबफर', थोडक्यात आरएफबी. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका संगणकाच्या स्मृतीत जिथे साठवलेला असतो त्या जागेला फ्रेमबफर म्हणतात. आरएफबीचे सारे तत्त्व एका वाक्यात मावते : पडद्याच्या अमुक जागी, अमुक लांबी-रुंदीचा, ठिपक्यांचा हा चौकोन ठेव. बस्स. खिडकी, बटण, मेनू, अक्षर, यांतला एकही शब्द या भाषेला ठाऊक नाही. त्यामुळे पलीकडे विंडोज आहे, युनिक्स आहे की मॅक, याची अलीकडच्या टोकाला फिकीर नसते.

११/ चौकोन पाठवण्याच्या अनेक तऱ्हा ठरवलेल्या होत्या. ठिपके जसेच्या तसे पाठवणे ही सर्वांत भाबडी. 'कॉपीरेक्ट' ही मात्र लहानशी युक्ती पाहण्याजोगी आहे. वापरणाऱ्याने खिडकी ओढून दुसरीकडे नेली तर तिचे ठिपके पुन्हा पाठवण्याऐवजी एवढेच सांगायचे की तिथला चौकोन उचल आणि इथे ठेव. काही हजार ठिपक्यांचे ओझे दोन आकड्यांच्या निरोपावर येते.

१२/ आणि एक नियम, ज्याकडे घाईचा वाचक दुर्लक्ष करतो. सर्व्हर आपणहून काही पाठवत नाही. पाहणाऱ्याने 'नवे काय आहे?' असे विचारावे, तेव्हाच तो बदल पाठवतो. नेटवर्क मंद असेल तर प्रश्न कमी वेळा विचारला जातो आणि मधली चित्रे आपोआप गळतात; माहितीचा तुंबारा होत नाही. वेगाशी जुळवून घेण्याची वेगळी यंत्रणा लिहावीच लागली नाही. शिवाय पाहणाऱ्याच्या बाजूला लक्षात ठेवण्याजोगे काहीच नसल्यामुळे दुवा तुटला तरी काही बिघडत नाही. कार्यालयात वाक्य अर्धवट टाकून उठावे, घरी जाऊन पुन्हा जोडावे, तर कर्सर त्याच अर्ध्या शब्दापाशी लुकलुकत असतो.

१३/ या साधेपणाची फळे लगेच दिसली. पाहण्याचा कार्यक्रम एका फ्लॉपीत मावे. जावात लिहिलेली त्याची आवृत्ती ब्राउझरमध्ये चाले. ज्याला थोडेफार प्रोग्रॅमिंग येते त्याला काही दिवसांत स्वतःचा व्ह्यूअर लिहिता येई, आणि पुष्कळांनी तो लिहिलाही.

१४/ पण साधेपणा एकटा पुरला नसता. १९९८ सालचे वातावरण आठवावे. २२ जानेवारीला नेटस्केपने आपल्या ब्राउझरचा सोर्स कोड खुला करण्याची घोषणा केली. फेब्रुवारीच्या आरंभी कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथील बैठकीत 'ओपन सोर्स' हा शब्दप्रयोग ठरला. त्याच वर्षी केंब्रिजच्या प्रयोगशाळेने व्हीएनसी जीपीएल या परवान्याखाली खुले केले. रिचर्ड स्टॉलमन यांच्या या परवान्याचे मर्म असे : घ्या, वापरा, बदला, वाटा, मात्र बदललेले वाटायचे असेल तर त्याचा सोर्स कोडही त्याच अटींवर द्यावा लागेल.

१५/ मराठी इतिहासाच्या वाचकाला 'सनद' हा शब्द इथे आठवेल. जुनी सनद गादीवर नवा माणूस आला की पुष्कळदा पुन्हा करून घ्यावी लागे. राज्य बदलले की तिच्या वैधतेचीच चौकशी सुरू होई. जीपीएल ही तशी सनद नव्हे. एकदा दिली की देणाऱ्यालाही परत घेता येत नाही. देणाऱ्याचा वारस कोण, त्याचे धोरण काय, याच्याशी घेणाऱ्याचा संबंध उरत नाही. तेव्हा हा बारकावा वकिली वाटला असेल. चार वर्षांत तो कसाला लागला.

१६/ जानेवारी १९९९ मध्ये अमेरिकेच्या एटी अँड टीने प्रयोगशाळा विकत घेतली. डॉट-कॉमचा फुगा फुटल्यावर एप्रिल २००२ मध्ये तिने ती बंद केली. सोळा वर्षांचे काम आवरून लोक घरी गेले. अशा वेळी कंपनीच्या मालकीचे सॉफ्टवेअर सहसा एखाद्या कपाटात जाते आणि तिथून परत येत नाही. व्हीएनसीच्या बाबतीत बंद करण्यासारखे कपाटच उरले नव्हते. त्याचे सोर्स कोड तोवर जगभर पसरले होते.

१७/ हा केवळ योगायोग होता काय? त्याच प्रयोगशाळेतल्या इतर कामांशी ताडून पाहावे. बॅज आणि पाटी आता शोधनिबंधांत भेटतात. तिथल्या एटीएम नेटवर्कच्या कामातून निघालेली व्हिराटा ही कंपनी शेअर बाजारात काही काळ तळपली, २००१ च्या अखेरीस दुसऱ्या कंपनीत विलीन झाली आणि काही वर्षांत तिचे नावही पुसले गेले. याउलट 'ऑम्निओआरबी' हे तिथलेच एक सॉफ्टवेअर, ज्याचे नाव सामान्य वाचकाने ऐकलेलेही नसेल, प्रयोगशाळा गेल्यानंतरही सांभाळले गेले. तेही मुक्त परवान्याखाली दिलेले होते. दोन उदाहरणांवरून सिद्धान्त मांडू नये हे खरे. पण दोन्ही एकाच बाजूला झुकतात एवढे नोंदवायला हरकत नाही.

१८/ व्हीएनसीला तर प्रयोगशाळा बंद होण्याआधीच फांद्या फुटल्या होत्या. रशियातून कॉन्स्टँटिन कॅप्लिन्स्की यांनी मंद फोन-लाइनींसाठी चौकोन अधिक घट्ट दाबून पाठवण्याची रीत काढली, ती 'टाइटव्हीएनसी'. विंडोजसाठी 'अल्ट्राव्हीएनसी' आले. २००२ मध्ये हॉपर, रिचर्डसन, अँडी हार्टर, जेम्स वेदरॉल आदी मूळच्या मंडळींनी 'रिअलव्हीएनसी' ही कंपनी काढली. २०१३ मध्ये तिला ब्रिटनच्या रॉयल अ‍ॅकॅडमी ऑफ इंजिनिअरिंगचे मॅकरॉबर्ट पारितोषिक मिळाले. कंपनीने पुढील आवृत्त्या बंद ठेवल्या. मुक्त आवृत्ती ४.१ च्या मालिकेवर थांबली. तो तिचा हक्क होता. पण आधी दिलेले परत घेणे शक्य नव्हते. त्याच चौथ्या आवृत्तीच्या वंशातल्या कोडमधून २००९ मध्ये रेड हॅट आणि सेंडिओ यांनी 'टायगरव्हीएनसी' उभे केले.

१९/ मार्च २०११ मध्ये आरएफबीची नियमावली 'आरएफसी ६१४३' म्हणून प्रसिद्ध झाली. लेखक दोन, त्यांपैकी एक ट्रिस्टन रिचर्डसन. आजही कोणतेही व्हीएनसी जोडले की दोन्ही टोके प्रथम बारा बाइटांचा एक निरोप एकमेकांना देतात : कोणती भाषा, कितवी आवृत्ती. तो नमस्कार-चमत्कार केंब्रिजच्या दिवसांपासून चालत आला आहे. अ‍ॅपलने २००७ च्या मॅकमध्ये दिलेले 'स्क्रीन शेअरिंग' याच भाषेवर उभे राहिले. आभासी यंत्रे चालवणाऱ्या 'क्यूईएमयू'त पडदा दाखवायला हीच भाषा आहे. जोएल मार्टिन यांच्या 'नोव्हीएनसी'मुळे ती साध्या ब्राउझरमध्ये बोलू लागली. क्लाउडवरच्या एखाद्या सर्व्हरचा 'कन्सोल' ब्राउझरमध्ये उघडणाऱ्याला आपण १९९८ चे चौकोन पाहत आहोत याची बहुधा कल्पनाही नसते.

२०/ आक्षेप येईल की मायक्रोसॉफ्टचा आरडीपी अधिक वेगवान आहे. आहेच. तो ठिपक्यांऐवजी 'अक्षर काढ, रेघ ओढ' अशा आज्ञा पाठवू शकतो. चलच्चित्राच्या बाबतीत तर जुने व्हीएनसी त्याच्यासमोर उभेही राहत नाही. पण त्याची नियमावली दीर्घकाळ बंद होती. लिनक्सवरून विंडोज पाहू इच्छिणाऱ्यांनी 'आरडेस्कटॉप' लिहिले ते तारेवरून जाणारे बाइट न्याहाळून, अंदाज बांधत. युरोपातील स्पर्धा-कायद्याच्या खटल्यानंतर २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने अशा नियमावल्या जाहीर केल्या, तेव्हा कुठे ते काम उजेडात करता आले. चांगल्या अभियांत्रिकीचा मान आरडीपीला द्यावा. जगाला दहा वर्षे अंधारात चाचपडायला लावल्याची नोंदही त्याच्याच खात्यावर ठेवावी.

२१/ इथवर वाचून मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे निर्धोक सॉफ्टवेअर असा समज होत असेल तर तो पुसायला हवा. व्हीएनसी एकमेकांवर विश्वास असलेल्या प्रयोगशाळेत वाढले आणि ते त्याच्या अंगावर दिसते. मूळ पद्धतीत पासवर्डची पहिली आठच अक्षरे धरली जात आणि त्यानंतरचा सारा मजकूर उघडा जाई. जाणकार ते एसएसएचच्या बोगद्यातून नेत. अजाण माणसे तसेच इंटरनेटवर उघडे टाकत.

२२/ मे २००६ मधला प्रसंग तर पाठ्यपुस्तकात घालावा असा आहे. जोडणीच्या वेळी सर्व्हर सांगतो, 'माझ्याकडे ओळख पटवण्याच्या या पद्धती आहेत'. पाहणारा त्यांतली एक निवडतो. रिअलव्हीएनसी ४.१.१ मध्ये सर्व्हर म्हणे, 'फक्त पासवर्ड'. पाहणारा उत्तर देई, 'मी निवडले : ओळख नको'. आणि सर्व्हर दार उघडे! निवडलेली पद्धत आपण देऊ केलेल्या यादीत होती का, एवढे तपासायचे राहून गेले होते. हे छिद्र सापडले ते स्वतःचा व्ह्यूअर लिहू पाहणाऱ्या एका प्रोग्रॅमरला. नियमावली खुली होती म्हणून तो व्ह्यूअर लिहीत होता, आणि लिहीत होता म्हणून त्याला छिद्र दिसले.

२३/ याच्या शेजारी पीसी-एनीव्हेअरचे प्रकरण ठेवावे. त्याचा गुप्त सोर्स कोड २००६ मध्ये चोरीला गेला. ग्राहकांना ते उघडपणे कळले जानेवारी २०१२ मध्ये, जेव्हा सिमँटेकने सल्ला दिला की तूर्त हे सॉफ्टवेअर बंदच ठेवा. बाहेरच्या कोणाला आत पाहण्याची सोय नव्हती. आत पाहिले ते फक्त चोरांनी. ज्या सॉफ्टवेअरच्या हाती माणूस आपला कीबोर्ड, माऊस आणि पडदा असे तिन्ही एकदम सोपवतो, त्याच्या बाबतीत हा फरक तात्त्विक राहत नाही.

२४/ तरीही मुक्त बाजूला आत्मसंतुष्ट राहण्याचा अधिकार नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये कॅस्परस्कीच्या संशोधकांनी लिबव्हीएनसी, अल्ट्राव्हीएनसी, टर्बोव्हीएनसी आणि टाइटव्हीएनसीची पहिली मालिका या चार प्रकल्पांत मिळून ३७ दोष जाहीर केले. इंटरनेटवरून पोहोचता येतील असे सहा लाखांहून अधिक व्हीएनसी सर्व्हर त्यांना आढळले. दोषांपैकी बरेच साध्या जातीचे होते आणि वर्षानुवर्षे तिथेच पडून होते. सर्वांना पाहता येते म्हणून कोणीतरी पाहिले असेलच, असे प्रत्येकाने गृहीत धरले होते. फुकट घेणाऱ्या कंपन्यांत कारखाने होते, डेटा सेंटरे होती. कोड वाचणारे हात मात्र मोजकेच होते. या उपेक्षेचा दोष परवान्यावर ढकलता येत नाही. तो घेणाऱ्यांचा आहे, आणि त्यांच्यातल्या श्रीमंतांचा अधिक.

२५/ चारांपैकी टाइटव्हीएनसीच्या कर्त्यांनी कळवले की पहिली मालिका आता आम्ही सांभाळत नाही, तिच्यात दुरुस्ती होणार नाही. त्यांची दुसरी मालिका फक्त विंडोजसाठी होती; लिनक्सवाल्यांकडे उरली होती ती हीच टाकून दिलेली पहिली. एरवी बंद सॉफ्टवेअरच्या बाबतीत गोष्ट इथे संपते. डिसेंबर २०१९ मध्ये डेबियनच्या जुन्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गटाने, ज्याच्या कामाचे पैसे काही कंपन्या वर्गणी काढून देतात, टाइटव्हीएनसीच्या त्या जुन्या कोडमधले जाहीर झालेले दोष दुरुस्त केले आणि नवे पॅकेज सर्वांना उपलब्ध करून दिले. केंब्रिजची प्रयोगशाळा बंद होऊन तेव्हा सतरा वर्षे झाली होती. दुरुस्तीसाठी त्या गटाला कोणाकडेही परवानगी मागावी लागली नाही.